आश्रित

'आश्रित' हा शब्द मराठीत कधीच फारशा मानाचा नव्हता. आश्रित म्हणजे वाड्याच्या मागील पडवीत राहणारा, पंगतीत शेवटी बसणारा, यजमानाच्या बोलण्याला मान डोलावणारा. चौतीस वर्षे शाळेत मराठी शिकवताना आम्ही हा शब्द फळ्यावर कितीदा तरी लिहिला असेल. पण तो एके दिवशी स्वतःच्या नावापुढे लिहावा लागेल असे काही वाटले नव्हते. गेल्या वर्षी, वयाच्या चौऱ्याहत्तराव्या वर्षी, ती वेळ आली. स्वीडनमध्ये राहणाऱ्या मुलाने जो अर्ज धाडला, त्यात आम्ही उभयता त्याच्यावर अवलंबून आहोत असे लिहायचे होते. आणि नुसते लिहून भागत नव्हते, ते कागदपत्रांनिशी सिद्ध करायचे होते. तो अर्ज अजून आमच्या पणजीच्या घरी टेबलाच्या खणात पडून आहे. तो तेथे का पडून राहिला याचा विचार करताना जे सुचले, ते वाचकांपुढे ठेवीत आहोत.

हकीकत थोडक्यात अशी. आमचा जन्म १९५१ सालचा, डिचोली महालातील मये गावचा. म्हणजे जन्माची नोंद पोर्तुगीज दप्तरात, पोर्तुगीज भाषेत. १९७४ च्या डिसेंबरअखेर झालेल्या कराराने पोर्तुगालने गोव्यावरील भारताचे सार्वभौमत्व मान्य केले. पण १९ डिसेंबर १९६१ पूर्वी येथे जन्मलेल्यांना आणि त्यांच्या संततीला पोर्तुगीज नागरिकत्वाचे दार त्या देशाने उघडे ठेवले. त्या दारातून गोव्यातील हजारो माणसे युरोपात गेली. प्रारंभी हा मार्ग सासष्टी-बार्देशातील ख्रिस्ती कुटुंबांचा समजला जाई. पुढे डिचोली-पेडण्यातील हिंदू घरांतूनही जुन्या जन्मदाखल्यांची शोधाशोध सुरू झाली. आमच्या मुलानेही तेच केले. त्यासाठी आधी आमचा जन्म लिस्बनच्या मध्यवर्ती दप्तरात नोंदवावा लागला. दहा वर्षांचे असताना ज्या राजवटीचा अंत आम्ही डिचोलीच्या रस्त्यावर उभे राहून पाहिला, तिच्या वहीत बासष्टाव्या वर्षी आमचे नाव पुन्हा चढले. मुलगा प्रथम इंग्लंडात गेला. ब्रिटनने युरोपीय संघ सोडण्याचा निर्णय घेतल्यावर तेथून २०१९ साली स्वीडनमधील गोथेनबर्ग शहरी गेला, आणि तेथेच स्थिरावला.

(लिस्बनमधील ही नोंद म्हणजेच नागरिकत्वाचा स्वीकार की नाही, हा वाद गोव्यात वर्षानुवर्षे चालला आहे आणि तो आमदारकीच्या निवडणुकांपर्यंत जाऊन पोहोचला होता. आम्ही पोर्तुगीज ओळखपत्र घेतलेले नाही, पारपत्र भारताचेच आहे, मतदानही नेमाने करतो. तरी पोलीस ठाण्याच्या पायऱ्या चढताना पूर्वीसारखे निर्धास्त वाटत नाही, हे कबूल केले पाहिजे.)

आता या वयात मुलाजवळ जाऊन राहायचे तर तीन वाटा आहेत. पहिली पाहुण्याची: नव्वद दिवसांचा व्हिसा, मग परत. दुसरी, आम्ही स्वतःच पोर्तुगीज नागरिक म्हणून जावे. मग १९५५ च्या नागरिकत्व कायद्याच्या नवव्या कलमाने भारताचे नागरिकत्व आपोआप संपते. आणि तिसरी आश्रिताची. युरोपीय संघाच्या एका देशाचा नागरिक दुसऱ्या देशात नोकरीस गेला, तर तो आपल्यावर अवलंबून असलेल्या आईवडिलांना सोबत आणू शकतो, असा २००४ चा संघाचा नियम आहे. मुलगा पोर्तुगीज आणि राहतो स्वीडनमध्ये, म्हणून हा नियम त्याला लागू. गंमत अशी की खुद्द स्वीडिश नागरिकाला आपल्या घरी हा नियम लागत नाही. कोल्हापूरहून गेलेला आणि रीतसर स्वीडिश नागरिक झालेला कोणी अभियंता आपल्या विधवा आईला कायमची आणू पाहील, तर त्याला जवळजवळ बंद दार भेटेल. कारण तेथील कायद्याने कुटुंब म्हणजे पती, पत्नी आणि अज्ञान मुले. डेन्मार्कमध्ये साठीपुढील आईवडिलांना आणण्याची जी सोय पूर्वी होती ती २००२ साली काढून टाकली गेली. फिनलंडमध्ये मुलीजवळ राहायला आलेल्या, अंगावरून वारे गेलेल्या एका रशियन वृद्धेला राहू देण्याचे सरकारने नाकारले, तेव्हा प्रकरण युरोपीय मानवी हक्क न्यायालयापर्यंत गेले; २०१४ साली त्या न्यायालयाने निर्णय दिला तो सरकारच्या बाजूने. सज्ञान मूल आणि आईबाप यांचे नाते, विशेष अवलंबित्व दिसल्याखेरीज, 'कौटुंबिक जीवन' या संज्ञेत बसत नाही, असे त्या न्यायालयाचे एकंदर धोरण आहे.

हे वाचून आपल्याकडच्या माणसाला प्रथम राग येतो. आम्हांलाही आला. आई कुटुंबात बसत नाही म्हणजे काय? पण राग ओसरल्यावर लक्षात येते की त्या कायद्यामागे एक विचार आहे, आणि तो क्षुद्र नाही. तो समजून घेण्याआधी आम्हांला आमच्या गावाविषयी थोडे सांगू द्यावे.

मये गावची जमीन पोर्तुगीज काळात एका पोर्तुगीज सरदार घराण्याच्या मालकीची होती. गाव कसणारे, माडपोफळी शिंपणारे, घरे बांधून राहणारे सारे त्यांची कुळे किंवा मुंडकार. गोवा मुक्त झाले, मालक परदेशी राहिले, आणि १९६४ च्या कायद्याने ती सगळी जमीन सरकारी रखवालीत गेली. सरकारी भाषेत तिचे नाव पडले 'स्थलांतरित मालमत्ता'. या शब्दाची मौज पाहावी. गावातील माणसे पिढ्यान्‌पिढ्या जागची हलली नव्हती. स्थलांतरित होती ती त्यांच्या पायाखालची जमीन! शेजारच्या गावांतील कुळे मालक झाली, मुंडकारांना १९७५ च्या कायद्याने संरक्षण मिळाले, पण मयेच्या माणसाला आपल्याच घराचा उतारा आपल्या नावे दिसेना. २०१४ साली विधानसभेने ती जुनी मालकी संपवणारा कायदा केला, आणि त्यानंतर सनदा देण्याचे काम सुरू झाले. आमचे वडील १९८७ साली गेले. घर त्यांनी बांधले, विहीर त्यांनी खणली, आणि कागदोपत्री ते अखेरपर्यंत दुसऱ्याच्या जागेत राहत होते.

आणि येथेच आमच्या प्रकरणातील विचित्र पेच वाचकांच्या ध्यानी येईल. मालक पोर्तुगीज होते म्हणून ज्या जमिनीने आम्हांला साठ वर्षे आपले म्हटले नाही, तिची सनद आता कोठे हाती यायची. आणि नेमक्या त्याच वेळी आम्ही मुलाजवळ राहण्यासाठी पोर्तुगीज व्हायचे!

आपण एखाद्या ठिकाणचे आहोत हे ठरते कशावरून? गोव्याने या प्रश्नाला फार जुनी उत्तरे दिली आहेत. गावकरी पद्धतीत गावकार तोच, ज्याच्या मूळपुरुषाने गाव वसवला. त्याच्या पुरुषवंशात जन्मावे लागते. दुसरा कोणी तीनशे वर्षे त्या गावात राहिला, त्याने बांध घातले, देवळाचा कळस चढवला, तरी गावकार होत नाही. देवस्थानांच्या महाजनकीचेही तसेच. सोळाव्या शतकात जुन्या काबिजादीतून देव हलवले गेले, आणि आमच्या डिचोलीत किंवा अंत्रूजेत येऊन राहिले. दिवाडीचा सप्तकोटेश्वर नदी ओलांडून नार्व्यास आला; शिवछत्रपतींनी १६६८ साली त्याच्या देवळाचा जीर्णोद्धार करवला. देव आले, त्यांच्यामागून त्यांचे महाजन वर्षातून एकदा येत राहिले. देव नव्या गावचा झाला, पण महाजनकीचे हक्क जुन्या गावच्या कुळांकडेच राहिले. त्याला रोज वात लावणाऱ्या गावाचे नाव महाजनांच्या वहीत चढले नाही. म्हणजे आमच्याकडे आपलेपणाचे माप रक्त आणि मूळ. वर्षांची मोजणी येथे चालत नाही.

उत्तर युरोपातील देशांचे माप अगदी वेगळे. स्वीडनमध्ये वर्षभर वा अधिक राहण्यासाठी आलेल्या माणसाचे नाव लोकनोंदणीत चढते, त्याला एक व्यक्तिक्रमांक मिळतो, आणि त्या क्रमांकासरशी दवाखाना, ग्रंथालय, भाषेचे विनामूल्य वर्ग, सारे त्याचे होते. त्याचा मूळपुरुष कोण होता हे कोणी विचारत नाही. किमान निवृत्तिवेतनही तेथे वास्तव्याच्या वर्षांवर ठरते: पूर्ण मिळण्यास चाळीस वर्षे. रक्ताऐवजी राहणे मोजणारी ही रीत आम्हांला आमच्या गावकरीपेक्षा न्यायाची वाटते, हे स्पष्ट सांगितले पाहिजे. मयेच्या माणसाला तरी ती वाटलीच पाहिजे! मात्र तिच्यात एक खोच आहे. ती वर्षे मोजली जातात ती कामाच्या वयातली. पंचाहत्तरीला येऊन पोहोचणाऱ्याचा हिशेब तेथे सुरूच होत नाही. रक्ताच्या मापाने आम्ही तेथे उपरे, आणि राहण्याच्या मापानेही उशिरा आलेले. मग उरले काय? मुलाचे नाते. आणि ते नाते सांगायचे तर 'आश्रित' हा शब्द लिहून.

आता त्या विचाराकडे वळतो. २०२३ च्या नोव्हेंबरात आम्ही उभयता दोन महिने गोथेनबर्गला होतो. डिसेंबरात तेथे सकाळी नऊच्या सुमारास उजाडते आणि साडेतीनला मावळते. पणजीत दुपारच्या झोपेतून उठण्याची जी वेळ, ती तेथे दिवेलागणीची. मुलाच्या शेजारच्या घरात चौऱ्याऐंशी वर्षांच्या एक बाई एकट्या राहत. नगरपालिकेची मदतनीस दिवसातून तीनदा येई, औषध देई, मोजे चढवी. मुलगी त्याच शहरात राहणारी. ती एकाआड एक रविवारी येई, फुले आणी, तासभर बसे. हे पाहून आम्ही मनातल्या मनात जे काही म्हणायचे ते म्हटले. एकदा बाईंना इंग्रजीत विचारण्याचे धाडसही केले, की मुलगी जवळ असून परक्या बाईकडून हे सारे करून घेणे बरे वाटते का? त्या हसल्या. म्हणाल्या, मुलीने मला आंघोळ घातली तर ती आठवड्यातून सात दिवस येईल, पण मग ती माझी मुलगी म्हणून येणार नाही. आता येते ती केवळ मला भेटायला येते.

हेन्रिक बेरग्रेन आणि लार्श त्रेगोर्ध या स्वीडिश इतिहासकारांनी २००६ साली एका ग्रंथात आपल्या समाजाच्या या स्वभावाची चिकित्सा केली आहे. खरे प्रेम दोन स्वतंत्र माणसांतच संभवते. जो दुसऱ्याच्या अन्नावर आहे त्याचे प्रेम आणि त्याची गरज वेगळी कशी करावी? म्हणून सरकारने पत्नीला पतीपासून, मुलाला बापापासून आणि म्हाताऱ्यांना मुलांपासून आर्थिकदृष्ट्या मोकळे करावे, म्हणजे जे उरेल ते निखळ प्रेम: अशी ती धारणा. त्याच धारणेने विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात स्वीडनने मुलांवरील आईबापांच्या पोषणाची सक्ती कायद्यातून काढून टाकली. आपण याच्या उलट गेलो. २००७ साली आपल्या संसदेने आईवडिलांच्या चरितार्थाचा कायदा केला; न सांभाळणाऱ्या मुलाविरुद्ध आता बाप प्राधिकरणापुढे दाद मागू शकतो. गोव्यात तर जुन्या पोर्तुगीज नागरी संहितेपासूनच मुलाला बापाच्या मिळकतीतून बेदखल करणे जवळजवळ अशक्य, आणि बापाला उपाशी ठेवणेही बेकायदा. पण एक प्रश्न आम्हांला सोडत नाही. आपण ज्या प्रेमाचा इतका अभिमान बाळगतो, त्याला न्यायाधिकरणाची गरज का लागावी?

यावर आपल्याकडचे उत्तर ठरलेले असते: प्रेम राहू द्या, हे ऋण आहे. बापाने वाढवले, शिकवले, ते मुलाने फेडावे. आम्हीही वर्गात पितृऋण असेच समजावून सांगत आलो. गेल्या वर्षी, अर्ज खणात टाकल्यावर, त्याचा जरा नीट विचार केला आणि चमकलो. परंपरेने देवऋण यज्ञाने फिटते, ऋषिऋण अध्ययनाने फिटते, आणि पितृऋण फिटते संततीने. म्हणजे बापाचे ऋण बापाला परत करायचेच नसते. ते पुढच्या पिढीला द्यायचे असते. आमच्या वडिलांनी मयेला विहीर खणली, तिचे पाणी आमच्या मुलाने प्यायले. हिशेब तेथेच पुरा झाला. मुलगा आपल्या मुलीला गोथेनबर्गच्या बर्फात हात धरून शाळेला नेतो, तेव्हा तो आमचेच ऋण फेडीत असतो. मग आम्ही सावकार म्हणून त्याच्या दारी कोणत्या तोंडाने जायचे? परंपरेचा आधार घेऊन जी वसुली आपण सांगतो, तिला परंपरेतच फारसा आधार नाही, असे आम्हांला नाइलाजाने म्हणावे लागते.

आणि आपल्या घरांत तरी सेवा करतो कोण? आमच्या पणजीच्या इमारतीत सात कुटुंबांची मुले परदेशी आहेत. म्हाताऱ्यांचे मोजे चढवायला सिंधुदुर्गातून आलेल्या, झारखंडातून आलेल्या मुली आहेत. त्यांचा पगार परदेशातून येतो. स्वीडनमध्ये हेच काम नगरपालिका करते, करातून करते, आणि त्याला पुत्रधर्म असे नाव देत नाही, एवढाच काय तो फरक.

तेव्हा सावकार म्हणून जाता येत नाही. आश्रित म्हणून? युरोपीय न्यायालयापुढे २००७ साली नेमके असे प्रकरण आले होते: मुलगा आणि सून स्वीडनमध्ये, आणि चीनमध्ये राहणारी निवृत्त आई. न्यायालय म्हणाले, आई ज्या देशातून आली तेथे तिला जगण्याच्या मूलभूत गरजांसाठी मुलाच्या पैशाची खरोखरच गरज होती का, हे पाहावे. मुलाने नुसते सांभाळण्याचे वचन दिले म्हणजे ते अवलंबित्वाचा पुरावा ठरतेच असे नाही. कायदा म्हणून हे ठीकच आहे. पण निवृत्तिवेतन घेणाऱ्या शिक्षकाने हे कसे सिद्ध करावे? मुलगा दरमहा पैसे पाठवतो, ते आम्ही नातीच्या नावे ठेवतो. ते खर्च करून दाखवायचे? आपण गरीब आहोत याचे पुरावे गोळा करण्यात आम्ही एक अख्खा आठवडा घालवला, आणि त्या आठवड्यात सौभाग्यवतीशी जितके भांडण झाले तितके लग्नानंतरच्या पहिल्या वर्षीही झाले नव्हते. ती म्हणे, कागद आहे, लिहून टाका. आम्ही म्हणत होतो, कागद आहे म्हणूनच लिहिता येत नाही.

येथे गोथेनबर्गमधील एक क्षुल्लक गोष्ट सांगतो. शेजारच्या बाईंना सौभाग्यवतीने एकदा नेवऱ्या दिल्या. तिसऱ्या दिवशी डबा परत आला, धुतलेला, आत लिंगोन नावाच्या आंबट रानफळांच्या मुरंब्याची बरणी. आपल्याकडेही भांडे रिकामे परत करीत नाहीत. पण आपण ते महिनाभर ठेवून घेतो, आणि त्या महिन्यात दोन्ही घरांमध्ये काहीतरी बाकी राहते. येथे देणे तिसऱ्या दिवशी चुकते झाले. पुन्हा एकदा देणेघेणे झाले, पुन्हा तसेच. सौभाग्यवती दोन महिने त्या घरात पाहुणी होती: मुलगा करी, सून करी, तिला कोणी काही करू देत नसे. ती खिडकीशी बसे आणि चार वाजता म्हणे, झोपायला हरकत नाही ना, काळोख झाला आहे.

मग परतण्याच्या पंधरा दिवस आधी दारावर बाई आल्या. हातात सुया आणि दोऱ्याचे रीळ. मदतनीस घाईत होती, मुलीचा रविवार दूर होता, आणि त्यांना स्वतःला दोरा ओवता येईना. आमच्या सौभाग्यवतीच्या डोळ्यांवर आदल्याच वर्षी म्हापशात शस्त्रक्रिया झाली होती. तिने एकामागून एक आठ सुयांत दोरे ओवून, लांब सोडून, उशीला टोचून दिल्या. परत आली ती निराळीच होऊन. जेवताना तिने भात स्वतः वाढला. सुनेने हात पुढे केला तो बाजूला सारला. त्या देशात कोणीतरी तिच्याकडे काही मागितले होते, ती पहिलीच वेळ.

पाहुण्याची सारी प्रतिष्ठा यातच असते की त्याच्याकडे काही मागायचे नसते. अतिथीला देव मानण्याची आपली रीत थोर खरी. पण देवाकडे आपण कामे मागत नाही, वर मागतो, आणि अतिथीकडे तेही मागत नाही. पाहुणा चार दिवसांचा असतो तोवर हे शोभते. तो राहू लागला तर हाच आदर त्याच्याभोवती भिंतीसारखा उभा राहतो. म्हातारपणी परक्या देशी जाणाऱ्याला थंडीची भीती दाखवतात, भाषेची दाखवतात, काळोखाची दाखवतात. या सगळ्यांना तेथे उपाय आहेत आणि ते चांगले आहेत. पण तुमच्यावाचून कोणाचे काही अडत नाही, याला नगरपालिकेकडे उपाय नाही.

हे केवळ स्वीडनचे म्हणून सांगत नाही. सौभाग्यवतीचे माहेर पेडण्यातील मांद्रे. त्या किनाऱ्यावर, हरमल, मांदरे, मोरजी या पट्ट्यात, थंडीच्या दिवसांत युरोपातून येऊन राहणारे वृद्ध पुष्कळ. आपल्या देशात निवृत्तांसाठी वेगळा व्हिसा नाही. तेव्हा हे लोक पर्यटक म्हणून येतात, आणि उन्हाळा आला की जातात. मधल्या काळात परकीयांनी पेडण्यात जमिनी घेतल्यावरून बरीच ओरड झाली, चौकश्या झाल्या; ती ओरड अगदीच निराधार नव्हती. पण मेव्हण्याच्या घरी जो फिनलंडचा गृहस्थ अठरा हिवाळे येत आहे, त्याने खोलीच्या भाड्यापलीकडे काही घेतलेले नाही. सारा वाडा त्याला ओळखतो. पोदेर पहाटे त्याच्या दारी पाव ठेवतो. शिगम्याची वर्गणी गोळा करणारी मुले मात्र दरवर्षी त्याची खोली टाळून पुढे जात: पाहुण्याकडे कसे मागायचे? चार वर्षांपूर्वी त्याने मेव्हण्याला विचारले, मी काही चुकलो आहे का? सगळ्या घरी जातात, माझ्याकडे का येत नाहीत? मेव्हण्याने मुलांना बोलावून पावती फाडायला लावली. पाचशे एक रुपयांची ती पावती त्या माणसाने खोलीत आरशाच्या चौकटीत खोचून ठेवली आहे. आता रोमट निघाले की मुले त्याच्या हाती पाण्याची कळशी देतात आणि तो ढोलवाल्यांना पाणी पाजीत फिरतो. तो मांद्र्याचा झाला असे आम्ही म्हणणार नाही. गावकरीच्या मापाने तर आम्हीही मयेचे नाही. पण त्या वाड्यात त्याच्यावर कोणाचा तरी हक्क निर्माण झाला आहे, एवढे खरे.

येथवर लिहून झाल्यावर आम्ही लेख सौभाग्यवतीला वाचून दाखवला. तिने शांतपणे ऐकला आणि विचारले, हे 'आम्ही आम्ही' म्हणता त्यात मी आहे का? असेन तर माझे मत त्यात कोठे आले नाही. तिचे मत असे: मागणारे कोणी हवे म्हणून तुम्ही येथे राहणार, ठीक. मग पणजीत गेल्या वर्षभरात तुमच्याकडे कोणी काय मागितले ते सांगा. आम्ही आठवू लागलो. वाचनालयाने वर्गणी मागितली होती. तळमजल्यावरील एका विद्यार्थ्याने निबंध तपासून घेतला होता, एकदा. आणि मयेला? ती म्हणाली. मयेचे घर वर्षातून तीनशे दिवस बंद असते. लईराईच्या जत्रेला शिरगावला जायचे म्हणून दोन दिवस उघडतो, झाडतो, पुन्हा कुलूप. तुम्हांला सनद हवी आहे, म्हणजे जमिनीने तुमचे व्हावे असे वाटते. त्या गावातील कोणा माणसाचे तुम्ही काय लागता?

यावर आम्हांला उत्तर देता आले नाही. सनदेसाठी इतकी वर्षे थांबलेल्या माणसाने ती मिळण्याच्या सुमारास देश सोडावा, ही वडिलांशी प्रतारणा होईल, असे आम्ही इतके दिवस मानीत होतो. पण वडील त्या जमिनीवर राहत होते. कागद नसताना राहत होते, आणि शेजारच्या चार घरांची भांडणे आमच्या ओसरीवर मिटत होती. आम्ही कागदाची वाट पाहत पणजीत राहिलो. स्वीडिश कचेरी ज्याला वास्तव्य म्हणते, त्या मापाने मोजले तर मयेला आमची वर्षे किती भरतील?

अर्ज अजून खणातच आहे. 'अवलंबून' हा रकाना अजून रिकामा आहे. पोर्तुगीज ओळखपत्रासाठी वकिलातीत जाण्याचेही ठरलेले नाही, आणि त्याबाबत आमच्यात एकमत होईलच असे नाही. गेल्या पंधरवड्यात मात्र मयेच्या शेजाऱ्याचा फोन आला. मुलीचे लग्न वैशाखात धरले आहे, त्यांचे अंगण लहान. आमच्या अंगणात मांडव घालावा आणि विहिरीचे पाणी घ्यावे, एवढी त्याची विनंती. इतक्या वर्षांनी त्याने विचारले ते भीतभीतच विचारले. आम्ही होय म्हटले, आणि चुलीसाठी लाकडे लागतील तीही मागीलदारच्या फणसाची काढ म्हणून सांगितले. त्यामुळे गोथेनबर्गचे तिकीट आता पाऊस सुरू झाल्यावरचे काढायचे आहे, नव्वद दिवसांचे.

शुक्रवारी सौभाग्यवती म्हापशाच्या बाजारात सुया घ्यायला गेली, सोबत आम्हीही होतो. मोठ्या नेढ्याच्या घ्याव्यात, म्हणजे त्या बाईंना स्वतःलाच दोरा ओवता येईल, असे आम्ही सुचवले. तिने ऐकून घेतले, आणि नेहमीच्याच घेतल्या.